अजून अकरा तास

संगणकाच्या पडद्यावर 'अजून ११ तास बाकी' अशा अर्थाची अक्षरं उमटली तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते आणि दादाची गाडी सकाळी सहाची होती. शाळेत गणितात मी पस्तिसाच्या वर कधी गेलो नाही, पण एवढी वजाबाकी मलाही आली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. राहतो इंदूरला. वय वर्षं चौऱ्याहत्तर. निवृत्त झाला तरी एका कारखान्यात अजून सल्लागार म्हणून जातो. सल्ला तो मला कळायला लागल्यापासून देतोच आहे, आता त्याचे पैसे मिळतात एवढाच फरक. सांगलीचा आमचा वाडा २००९ साली विकला. म्हणजे विकायचं दादाने ठरवलं आणि मी सही केली. भांडण झालं नाही. झालं असतं तर एव्हाना मिटलंही असतं. तेव्हापासून दिवाळीला फोन होतो. "कसं काय?" "बरं आहे." "तब्येत?" "ठीक." "ठेवतो मग." तीस सेकंदांत दोन्ही घरचं कुशल आटोपतं.

या खेपेला तो पुण्यात एका लग्नाला आला आणि दोन दिवस आमच्याकडे उतरला. शेवटच्या रात्री जेवणं झाल्यावर त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि घसा खाकरून म्हणाला, "वाड्यातले सगळे कागद स्कॅन केलेत. आजोबांचे रोजमेळ, फोटो, शिवाय आईच्या बावीस कॅसेटी. हवं तर घे उतरवून."

आई जाऊन पंचवीस वर्षं उलटली. त्या कॅसेटींत तिच्या ओव्या आहेत, चकलीच्या भाजणीचं प्रमाण आहे, आणि मधूनच 'अरे, दूध ऊतू चाललंय' असं ओरडणंही आहे. हे सगळं त्याने दोन दिवस आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. आमच्यात विचारायची पद्धत नाही. "नाही जमलं तर नंतर पाठवतो," असंही तो म्हणाला. पण 'नंतर' म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. वाड्यातला झोपाळाही तो नंतरच पाठवणार होता.

ऐवज होता एकूण ८० जीबी. घरात पेनड्राइव्ह एकच, १६ जीबीचा, आणि त्यावर सोसायटीचे हिशेब. रात्री नऊला दुकानं बंद. तेव्हा दादाच्या लॅपटॉपवरून माझ्या टेबलावरच्या संगणकावर, घरातल्या घरात, वायफायवरून फायली न्यायच्या असं ठरलं. मधे अंतर बारा फूट. बारा फुटांना अकरा तास. गोगलगायसुद्धा हे अंतर चहा घेत घेत कापेल.

वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा राहतो. हिने त्याला हाक मारली. तो आला, आणि रात्रीची दुरुस्ती सुरू झाली. मी छत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे काही बिघडलं की 'काय बिघडलं' याच्याआधी 'हे कुणी आणि कधी सुरू केलं' असं माझ्या तोंडून निघतं. त्या मुलाने काही सांगितलं, उरलेलं मी पुढच्या आठवड्यात वाचून काढलं. ते सगळं आता तुम्हाला ऐकावं लागणार.

पहिला प्रश्न मीच विचारला. "राउटरच्या खोक्यावर ३०० लिहिलंय आणि पडद्यावर दोनच दिसतात. बाकीचे दोनशे अठ्ठ्याण्णव कुठे गेले?"

"काका, खोक्यावरचे बिट्स आहेत. पडद्यावरचे बाइट्स. आठ बिट्सचा एक बाइट."

म्हणजे शेर सांगायचे आणि मण तोलून द्यायचे. 'बाइट' हा शब्द १९५६ साली आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्ट्झ यांनी काढला. इंग्रजीतल्या 'घास' या अर्थाच्या शब्दाचंच ते रूप. लिहिताना एखादं अक्षर गळून बिटचा बाइट आणि बाइटचा बिट होऊ नये, म्हणून त्यांनी मुद्दाम स्पेलिंग बदललं. घोटाळा होऊ नये म्हणून केलेल्या या खबरदारीला सत्तरएक वर्षं झाली आणि घोटाळा अगदी सुखरूप आहे.

पण आठाने भागलं तरी ३०० चे सदतीस होतात. दोन होत नाहीत. मुलगा म्हणाला, "स्कॅन केलेल्या बारीक फायली हजारोंनी असतील. प्रत्येक फाइल उघडायची, लिहायची, मिटायची, दर वेळी निरोपानिरोपी होते. त्यात वेळ जातो." हे मला पटलं. आमच्याकडे पाहुणा निघताना दारात जेवढा वेळ जातो तेवढा आत बसून गप्पा मारण्यात जात नाही. म्हणून त्याने एका कॅसेटची एकच भलीमोठी फाइल पाठवून पाहिली. तीही दोनच्याच चालीने. म्हणजे दोष पाहुण्यांच्या संख्येत नव्हता, रस्त्यातच होता.

"हवेचा दोष आहे," मुलगा म्हणाला. "दोन्ही यंत्रं वायफायवर आहेत. लॅपटॉप आधी राउटरला सांगणार, मग राउटर तुमच्या संगणकाला सांगणार. एकच मजकूर हवेतून दोनदा जातो. आणि हवेत एका वेळी एकानेच बोलायचं."

ही एकाच हवेची भानगड सुरू झाली ती हवाई बेटांवर. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन सरकायचा त्यांना भारी नाद. बेटाबेटांमध्ये समुद्र पसरलेला, तेव्हा विद्यापीठाचा मोठा संगणक सगळ्यांनी वापरायचा तर कसा? अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली रेडिओवरून जाळं उभं केलं. नाव ठेवलं 'अलोहानेट'. नियम अगदी मोकळाढाकळा होता. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. दोघे एकदम बोलले तर दोघांचंही वाया जाणार, पोच येणार नाही. मग प्रत्येकाने मनाला येईल तेवढा वेळ थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. या पद्धतीत फार तर शंभरातले अठराच निरोप धड पोचतात असं गणिताने निघतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं प्रमाण पाहता मला ते फारच चांगलं वाटलं.

त्या संध्याकाळी आमच्या घरच्या हवेत दादाचा लॅपटॉप, माझा संगणक, दोन फोन, मालिका पाहणारा टीव्ही आणि शेजारच्या चार बिऱ्हाडांचे राउटर असे सगळे बोलत होते. त्यात हिने दादाच्या दुधासाठी मायक्रोवेव्ह लावला. तो शिजवतो तोही जवळजवळ त्याच लहरींवर. पडद्यावरचे अकरा तास तेरा झाले. दूध तापलं, पुन्हा अकरावर आले.

"वायर आहे का घरात?" मुलाने विचारलं.

आमच्या घरात वायर नाही असं होत नाही. माळ्यावर एक पिशवीच आहे. तीतून नेटवर्कची आठ-दहा फुटी निळी वायर निघाली, ती दादाच्या लॅपटॉपला लावली. माझ्या संगणकाची वायर सहा वर्षांपूर्वी रंगकामाच्या वेळी काढून ठेवली होती, ती लावायची राहून गेली होती. तीही लावली. आता हवेचा संबंधच संपला. सगळ्यांनी श्वास रोखला. पडद्यावर आकडा आला: २१ तास.

"वा!" दादा म्हणाला. "प्रगती आहे."

मी मात्र गोंधळलो. वायरीची कीर्ती मी वेगळीच ऐकली होती. तिचा इतिहासही मोठा आहे. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीचं पालो आल्टो इथे संशोधन केंद्र होतं. तिथे टेबलाटेबलांवरचे संगणक एकमेकांना आणि एका छपाई यंत्राला जोडायचे होते. काम आलं रॉबर्ट मेटकाफ यांच्याकडे. या गृहस्थांचा डॉक्टरेटचा प्रबंध हार्वर्ड विद्यापीठाने आधी परत केला होता. मग त्यांनी अब्रॅमसन यांच्या अलोहानेटचं गणित त्यात घातलं, तेव्हा पदवी मिळाली. मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी आपल्या जाळ्याचं टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ते जाळं उभारलं. नाव दिलं 'इथरनेट'. इथर म्हणजे प्रकाश ज्यातून वाहतो असं जुने शास्त्रज्ञ मानत तो पदार्थ. तो सापडत नाही हे मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ सालीच दाखवलं होतं. पण नाव छान होतं. आमच्या गल्लीत 'सागरदर्शन' नावाची इमारत आहे, पुण्यात. तिलाही कुणी हरकत घेतलेली नाही.

मेटकाफ यांनी अलोहाच्या नियमात शहाणपण घातलं. बोलण्याआधी ऐका. कुणी बोलत असेल तर थांबा. बोलता बोलता दुसऱ्याचा आवाज आला तर आपलं बोलणं तिथेच तोडा. मग थोडा वेळ, प्रत्येकाने वेगवेगळा, थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा टक्कर झाली तर आता दुप्पट काळापर्यंत थांबायची तयारी ठेवा. हे वाचताना मला आमचं जेवणघर आठवलं. पंगतीला आम्ही पाच भावंडं एकदम बोलायला लागलो की आई पळी आपटून म्हणायची, "एकेकाने बोला रे!" तिने ते टिपणात लिहून काढलं नाही, एवढंच तिचं चुकलं.

या पहिल्या इथरनेटचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. १९८० साली तीन कंपन्यांनी मिळून १० मेगाबिटचा नमुना ठरवला, १९९५ साली १०० झाला, १९९९ साली साध्या तांब्याच्या वायरीवर १००० झाला. आणि इतक्या थोरांच्या खांद्यावर उभे राहून आम्ही दोघे भाऊ एकवीस तासांवर आलो होतो.

मुलाने आता काळ्या खिडकीत काहीतरी टंकलं. "पिंग करून बघतो," म्हणाला. पिंग म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याला 'आहेस का?' म्हणून घातलेली हाक. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन तंत्रज्ञाने १९८३ च्या डिसेंबरात ही युक्ती लिहिली आणि पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून तिला नाव दिलं. लॅपटॉपने विचारलं, आहेस का? संगणक म्हणाला, आहे. आहेस का? आहे. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर, एकही चुकलं नाही.

"मग बिघडलंय कुठे?" मी विचारलं.

मुलगा डोकं खाजवत म्हणाला, "तेच ना काका. नुसती विचारपूस केली तर सगळं झकास. मोठं काही पाठवायला गेलं की अडतं."

मी दादाकडे पाहिलं नाही. दादाही छताकडे पाहत होता.

असं अडण्याचाही इतिहास आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीचं विद्यापीठ आणि तिथलीच एक प्रयोगशाळा यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर फक्त ४०० यार्ड. ४० बिट म्हणजे पाच बाइट. आजच्या रिवाजाप्रमाणे मराठीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे सेकंदाला धड दोन चिन्हंही नाहीत. त्यापेक्षा खिडकीतून ओरडलेलं बरं. व्हॅन जेकबसन यांनी शोध घेतला तेव्हा दिसलं की निरोप पोचला नाही की यंत्रं तोच निरोप पुन्हा पाठवतात, त्याने गर्दी वाढते, मग आणखी निरोप बुडतात. त्यांनी आणि माइकल कॅरल्स यांनी १९८८ साली यावर निबंध लिहिला. त्याचं सार असं की निरोप बुडाला तर आरडाओरडा करू नका, गर्दी आहे असं समजा, पाऊल मागे घ्या, चाल कमी करा आणि मग हळूहळू वाढवा. तेव्हापासून यंत्रं अशीच वागतात. त्यामुळे जाळं कोसळत नाही. पण निरोप गर्दीने न बुडता दुसऱ्याच कारणाने बुडत असेल, तरी बिचारी समजूतदारपणे हळूच होतात. वरून पाहणाऱ्याला वाटतं, चाललंय की. हळू चाललंय, पण चाललंय.

"निरोप कुठेतरी बुडताहेत," मुलगा म्हणाला. त्याने दादाच्या लॅपटॉपवर खिडक्यांत खिडक्या उघडल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "काका, हे 'शंभर, फुल डुप्लेक्स' असं हाताने कुणी ठरवून ठेवलंय?"

"मीच," दादा म्हणाला. "कारखान्यात एक जुनं यंत्र आहे. त्याच्याशी जुळत नव्हतं, म्हणून पक्कं करून टाकलं. का? काही चूक आहे?"

चूक नव्हती. गंमत होती. १९९५ साली १०० मेगाबिटचा नमुना आला तेव्हा त्याबरोबर वाटाघाटीचीही सोय आली. वायर लावली की दोन्ही टोकं आधी बैठक घेतात, लग्नाच्या याद्यांसारखी. मला एवढा वेग झेपतो, मला दोन्ही बाजूंनी एकदम बोलता येतं, तुमचं काय? दोघांना झेपेल त्यातलं सगळ्यात चांगलं ठरतं आणि काम सुरू होतं. पण एका पक्षाने सगळं घरूनच ठरवून आणलं, तर तो बैठकीत काही बोलतच नाही. समोरच्याला त्याच्या आवाजावरून वेग तेवढा ओळखता येतो. तो दोन्ही बाजूंनी एकदम बोलणारा आहे की नाही, हे ओळखता येत नाही. आणि नियम सांगतो की शंका असेल तर जुनी, सोवळ्यातली रीत धरा. म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं.

मग काय होतं ते ऐका. दादाच्या लॅपटॉपची समजूत अशी की आपण केव्हाही बोलावं, समोरच्याला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येतं. माझ्या राउटरची समजूत अशी की समोरचा थांबेल तेव्हाच आपण बोलायचं. तो बोलायला तोंड उघडतो तोच लॅपटॉपचा पुढचा मजकूर येऊन आदळतो. राउटरला वाटतं, टक्कर झाली. तो आपलं वाक्य अर्ध्यावर तोडून गप्प बसतो. लॅपटॉपला पलीकडून तुटकं वाक्य ऐकू येतं, ते तो निरर्थक म्हणून टाकून देतो. त्याला काय झालं याचा पत्ताही लागत नाही. 'आहेस का? आहे' एवढ्याशा बोलण्यात टक्कर व्हायला सवडच मिळत नाही. मोठी गोष्ट सांगायला घेतली की पावलोपावली होते. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर. चूक कुणाचीच नाही, आणि काम कुणाचंच होत नाही.

मुलगा हे सांगून थांबला. खोलीत जरा शांतता झाली. ही दुधाचा पेला घेऊन दारात उभी होती, ती म्हणाली, "दादा, यांना वाटत होतं, तुम्ही वाड्याचं विचाराल." माझ्या बायकोने मला न विचारता माझ्या वतीने एवढं मोठं वाक्य बोलण्याची ही पहिलीच वेळ नव्हे, पण इतकं बिनचूक बोलण्याची पहिलीच.

दादा म्हणाला, "मला वाटलं, त्याला काही म्हणायचं असतं तर तो म्हणाला असता."

मुलाला यातलं काही कळलं नाही. त्याने ती ओळ बदलून तिथे 'ऑटो' केलं. वायरीच्या टोकाचा दिवा विझला, बैठक झाली, दिवा लागला. पडद्यावरचे एकवीस तास सरकन् खाली आले आणि दोन तासांवर स्थिरावले. सेकंदाला अकरा मेगाबाइट. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दीड वाजता सगळं उतरणार होतं. आजोबांचे रोजमेळ सुटले, एकामागून एक.

खरं म्हणजे राउटर हजाराचा होता, लॅपटॉपही हजाराचा होता. मग शंभरच का? मुलाने वायर हातात घेऊन चाचपली. माळ्यावर तिच्यावर वर्षानुवर्षं कुठलीशी ट्रंक बसलेली, एका जागी ती चेपून चपटी झाली होती. हजाराला तारांच्या चारही जोड्या लागतात, शंभरावर भागवायचं तर दोन पुरतात. आमच्या वायरीतली एखादी जोडी तुटलेली असणार. हजारावर जमेना, म्हणून दोन्ही यंत्रांनी तक्रार न करता शंभरावर समझोता केला होता. इतक्या वेळात पहिल्यांदाच मला त्या यंत्रांबद्दल जिव्हाळा वाटला. आपण त्यांना 'स्लो' म्हणून शिव्या घालतो. बहुतेक वेळा ती बिघडलेली नसतात. ती दुसऱ्या कुणासाठी तरी थांबलेली असतात. कुणासाठी, एवढंच शोधायचं असतं.

मुलगा उठला. म्हणाला, "काका, माझ्याकडे चांगली वायर आहे. दोन मिनिटांत आणतो. मग सगळं बारा-पंधरा मिनिटांत होईल."

"नको," दादा म्हणाला.

"नको," मी म्हणालो.

दोघे अगदी एकदम बोललो, आणि एकदम गप्प झालो. मुलगा शुभ रात्री म्हणून वर गेला. हिने दुधाचे दोन पेले ठेवले आणि आत जाऊन दिवा मालवला. पडद्यावर एक फोटो उतरत होता, वाड्याच्या चौकातला, झोपाळ्यावर आई.

"तो झोपाळा..." दादा म्हणाला.

"तो झोपाळा..." मीही म्हणालो.

"तू बोल."

"नाही, तू बोल."

मग आम्ही दोघेही थांबलो, प्रत्येकजण आपल्या मनाला येईल तेवढा वेळ. माझ्यापेक्षा दादाचा वेळ थोडा कमी निघाला.

"तो झोपाळा मी विकलेला नाही," तो म्हणाला. "इंदूरला आहे. माझ्या गच्चीत. तू मागशील म्हणून ठेवलाय."

पडद्यावर अजून एक तास बावन्न मिनिटं बाकी होती.